महोत्सव 'सर्वांसाठी खुला', मग व्हीलचेअरला मागचा कोपरा का?

उंबरठा (धागाकर्ता)

खुल्या जागेतल्या कला महोत्सवाच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते: 'प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला.' या 'सर्वां'त अपंग प्रेक्षक येतात की नाही, हा विचार जाहिरात लिहिणाऱ्याने केलेलाच नसतो. पत्रिका छापून होते, मंच कुठे आणि मांडव कुठे हे ठरतं, आणि शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी आठवण होते. मग एक रॅम्प, एक 'राखीव' फलक आणि मागे कठडा घातलेला चौकोन एवढ्यावर विषय उरकतो. माझ्या मते ही सोय नव्हे, बाजूला बसवून ठेवणं आहे. आणि हे पैशाअभावी होतं हेही मला पटत नाही. उशिरा सुचतं म्हणून होतं.

रॅम्पचंच घ्या. उताराचं प्रचलित प्रमाण १:१२ आहे. मंच एक मीटर उंच असेल तर रॅम्प बारा मीटर लांब हवा, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा आणि खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळं. आखणी पक्की झाल्यावर बारा मीटर आणणार कुठून? मग तीन-चार मीटरची फळी टाकून कंत्राटदार मोकळा होतो. त्या फळीवर खुर्ची चढवायला मागून दोघं लागतात आणि उतरताना बसलेल्याचा जीव मुठीत असतो. तोच मंच सुरुवातीलाच ४० सेंटिमीटरचा ठरला असता तर पाच मीटरच्या आत काम झालं असतं आणि लाकूडही कमी लागलं असतं. (मंचावर रॅम्प कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: कलाकारही अपंग असतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं कलम ३० प्रेक्षक म्हणून येण्याबद्दल आहे, तसंच स्वतःची कला मांडण्याबद्दलही आहे.)

मागाहून ठिगळ लावणं किती महागात पडतं ते बघायचं तर व्हेनिसला चला. जगातला एक नावाजलेला कला महोत्सव भरवणारं हे शहर. तिथे २००८ मध्ये कालव्यावर नामांकित वास्तुरचनाकाराचा नवाकोरा पूल उघडला, पण पायऱ्यांचा. ओरड झाल्यावर कडेने सरकणारी एक गोल केबिन बसवली. ती इतकी कुचकामी ठरली की शेवटी काढून टाकावी लागली. पैसे दोनदा गेले आणि पायऱ्या आहेत तिथेच आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण १.३ अब्ज लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा जणांत एक. तेव्हा पहिल्या नकाशातच यांची जागा आखा, एवढीच मागणी आहे.

मांडवकरी

अशा महोत्सवांच्या आयोजनात हात काळे केलेले आहेत, म्हणून बोलतो. उंबरठा, तुम्ही म्हणता तो 'पहिला नकाशा' कागदावर छान दिसतो. मैदान आमच्या ताब्यात येतं आदल्या रात्री. जमीन उंचसखल, पाऊस पडला तर चिखल. वीज एका टोकाला, मंच दुसऱ्या टोकाला, म्हणजे केबल रस्त्यातूनच जाणार. निम्मे लोक बिनपगारी स्वयंसेवक. त्यात रॅम्प, सांकेतिक भाषेचे दुभाषे, ब्रेल पत्रिका, शांत खोली, सगळं एकदम मागितलंत तर फुकटातला महोत्सव तिकीट लावून करावा लागेल किंवा बंद. मग कुणासाठीच खुला राहणार नाही.

आणि बोलू नये, पण बोलतो. आम्ही एकदा दुभाषी ठेवले होते. समोर एकही कर्णबधिर प्रेक्षक नव्हता.

कानोसा

मांडवकरी, त्या पत्रिकेत दुभाषी असल्याचं छापलं होतं का? कुठल्या प्रयोगाला, किती वाजता? बहुतेक ठिकाणी एकच ओळ असते: 'विशेष सोयींसाठी पुढील क्रमांकावर फोन करा.' मला ऐकू येत नाही म्हणून मला सोय हवी आहे, आणि ती मागायला मी फोन करायचा! संदेश पाठवायची सोय ठेवायला काय खर्च येतो?

दुसरं, दुभाषी उभे कुठे होते? एकदा असं झालं की मंचावरचे दिवे मंद झाले आणि दुभाषीही अंधारात गेले. हात दिसेनात तर भाषा कशी दिसणार? त्यांच्यावर वेगळा, स्थिर दिवा लागतो, आणि तो प्रकाशयोजनाकाराशी आधी बोलल्याशिवाय मिळत नाही. कर्णबधिरांना डाव्या बाजूला बसवून दुभाषी उजव्या बाजूला उभे केलेलेही पाहिले आहेत.

आणि एकदा कुणी आलं नाही म्हणून बंद करू नका. वर्षानुवर्षं 'हे आपल्यासाठी नाही' असं शिकलेला माणूस एका जाहिरातीने घराबाहेर पडत नाही.

नाठाळ

वाईटपणा मी घेतो. ऐकू येत नाही त्यांनी संगीत महोत्सवाला यावं आणि दिसत नाही त्यांनी चित्रप्रदर्शनाला, यासाठी सगळ्यांच्या पैशाने एवढा खटाटोप? थेट प्रक्षेपण करा. ज्याला हवं तो घरी आरामात बघेल, मोठ्या अक्षरांत, हव्या त्या आवाजात. गर्दी नाही, चिखल नाही.

कानोसा

एव्हलिन ग्लेनी हे नाव शोधून बघा. बारा वर्षांच्या वयापासून जवळजवळ पूर्ण कर्णबधिर, आणि तालवाद्यांच्या एकल वादनात जगभर नाव. मंचावर अनवाणी वाजवतात, कंपनं पायांतून घेतात. मी काही ग्लेनी नाही. पण लाकडी फळ्यांच्या जमिनीवर मंचाजवळ बसलो की ढोल मला पोटात कळतो. तो थेट प्रक्षेपणात कळत नाही.

शिवाय ऐकू न येणारे सगळे एकसारखे नसतात. बऱ्याच जणांना थोडं ऐकू येतं, कानात यंत्र असतं. त्यांच्यासाठी इंडक्शन लूप (आवाज थेट कानातल्या यंत्राला पोचवणारं तारेचं वेटोळं) टाकला की यंत्र 'टी' वर करून आवाज थेट कानात येतो, आजूबाजूचा कलकलाट गळतो. फक्त लूप टाकून झाल्यावर यंत्र वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, तेही सगळे दिवे लावून. दिवे मंद करणाऱ्या डिमरमुळे त्यात अशी घरघर येते की न टाकलेला बरा.

खिडकीतून

नाठाळ यांच्या हेतूशी सहमत नाही, पण थेट प्रक्षेपणावर एवढं तुटून पडू नका. मी अंथरुणाला खिळून असते. माझ्यासाठी तोच महोत्सव आहे. उपशीर्षकं असतील तर दुधात साखर.

उंबरठा

खिडकीतूनताई, प्रक्षेपण हवंच. माझा विरोध 'ते आहे ना, मग इथे कशाला येता' याला आहे.

रेती-माती

शिल्पकाराची बाजू कुणीच मांडत नाहीये. 'हात लावू द्या' ही मागणी आता प्रत्येक ठिकाणी होते. माझी कामं कच्च्या मातीची आणि कागदाची असतात. शंभर हात लागले की संपली. कांस्यसुद्धा घामाने आणि तेलाने काळवंडतं, झिजतं. आणि काही कामं मुद्दाम अडचणीची असतात. एक अरुंद, काळोखी बोगद्यासारखी रचना मी केली होती. अडकल्यासारखं वाटणं हाच तिचा आशय. तिथे ९० सेंटिमीटरची वाट आणि पुरेसा उजेड करा म्हटलं तर काम उरतच नाही. कलाकाराला हे स्वातंत्र्य आहे की नाही?

पांढरी काठी

स्वातंत्र्य आहे. पण मूळ कामालाच हात लावू द्या असं कोण म्हणतंय? माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये सहा चित्रांच्या उठावदार प्रती करून अंधांसाठी मांडल्या. इटलीत अँकोना इथे तर स्पर्शासाठीच उभारलेलं अख्खं संग्रहालय आहे. तुम्ही शिल्पाची हातभर प्रतिकृती ठेवा, शेजारी त्याच मातीचा, त्याच कागदाचा एक तुकडा ठेवा. झिजला तर बदला. तुमच्या बोगद्याबद्दल म्हणाल तर मला काळोखाचं काय? मला फक्त आधी सांगा की छत किती खाली येतं.

नाटकाचंही तसंच. प्रयोगाआधी अर्धा तास मंचावर फिरू द्या, नेपथ्याला, पोशाखाला हात लावू द्या. मग संवादांच्या मधल्या जागेत कानात कुणी वर्णन सांगितलं की चित्र उभं राहतं. मात्र वर्णन करणाऱ्याने तालमी पाहिलेल्या हव्यात. नाहीतर तो संवादावर बोलतो आणि दोन्ही हातचं जातं.

आता माझी तक्रार. अंधांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या जमिनीवरच्या उठावदार पट्ट्या (जपानमध्ये ओकायामाला १९६७ मध्ये पहिल्यांदा बसवल्या गेल्या, आता जगभर आहेत) बऱ्याच सार्वजनिक जागांवर आधीपासून असतात. महोत्सव आला की नेमक्या त्यांच्यावर स्टॉल, फलक आणि निवडुंगाच्या कुंड्या येतात. त्या दिवसांत काहीच नवं केलं नाहीत तरी चालेल, आहे ते झाकू नका.

चाकावरची वरात

पांढरी काठी, तुमच्या पट्ट्यांवरून माझी पुढची छोटी चाकं खडखडतात आणि मणका बोलायला लागतो, हे एकदा नोंदवून ठेवतो. 😄 उलट पदपथाच्या कडा पूर्ण सपाट केल्या की तुम्हाला रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नाही. दोघांनी मिळून आराखडा बघायला हवा. एकालाच विचारून 'अपंगांशी चर्चा केली' असं लिहिणारे भरपूर आहेत.

पण मुख्य मुद्द्यावर मी उंबरठा यांच्या विरोधात आहे. राखीव उंचवटा मला हवा! लोक उभे राहून बघतात तिथे खुर्चीच्या उंचीवरून मला काय दिसतं? लोकांच्या पँटचे खिसे. 'सर्वांमध्ये मिसळून बसा' हे तत्त्व पायांवर उभं राहणाऱ्यांना सुचतं. माझा राग उंचवट्यावर नाही. तो ध्वनियंत्रणेच्या तंबूमागे असतो, तिथे एकच सोबती चालतो आणि मुलांना खाली ठेवावं लागतं, त्यावर आहे. आणि केबलवरचं ते रबरी आच्छादन! वरून पाय टाकणाऱ्याला ते दिसतही नाही. माझी पुढची चाकं त्याच्या कडेला अडतात आणि मी पुढे फेकला जातो. त्याला दोन्ही बाजूंनी लांब उतार असलेले प्रकार मिळतात. मागवताना सांगावं लागतं, बस.

उंबरठा

हे मान्य, उभ्या गर्दीत उंचवटा लागतोच. मग माझी मागणी अशी करतो: तो एकच नको, वेगवेगळ्या अंतरावर दोन-तीन हवेत, आणि कुटुंबासकट बसता यायला हवं. खुर्च्या मांडलेल्या कार्यक्रमात मात्र रांगेतच, मध्ये मध्ये खुर्ची काढून जागा ठेवावी. तिथे कोपऱ्याचं समर्थन मी ऐकणार नाही.

दोघांची आई

एक मुलगा स्वमग्न आहे म्हणून लिहिते. आम्हाला रॅम्प नको, माहिती हवी. आवाज कुठे मोठा, दिवे कुठे लुकलुकणार, बाहेर पडायची वाट कोणती, हे आदल्या दिवशी नकाशावर कळलं तर निम्मी लढाई संपते. आणि एखादा तरी प्रयोग असा ठेवा की प्रेक्षागृह पूर्ण काळोखं नसेल, आवाज थोडा खाली असेल, मूल ओरडलं किंवा उठून गेलं तरी कुणी वळून बघणार नाही. ब्रिटनमध्ये अशा 'रिलॅक्स्ड' प्रयोगांची पद्धत आता रुळली आहे. शांत खोलीची हौस असेल तर ती खरंच शांत ठेवा, स्वयंसेवकांच्या डब्यांची आणि गप्पांची खोली नको.

नाठाळ

म्हणजे एकाला ढोल पोटात हवा आणि दुसऱ्याला आवाज खाली. जमवा आता.

दोघांची आई

महोत्सवात एकच कार्यक्रम असतो का हो? एक संध्याकाळ त्यांची, एक सकाळ आमची. वेळापत्रक त्याचसाठी असतं.

मांडवकरी

बरं, ऐकलं सगळं. केबल, पत्रिका, पट्ट्या, आधी माहिती देणं, यात पैसा फारसा नाही, कबूल. मंचाची उंची कमी करायचंही डोक्यात घेतो. पण लांबून बघणाऱ्यांची तक्रार येणार, तेव्हा इथल्यांनी माझ्या बाजूने उभं राहायचं. (चाकावरची वरात, तुम्ही सोडून.) खरा पैसा दुभाषांचा आहे. लांब प्रयोगाला दोन लागतात, कारण वीस-तीस मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतं. सगळ्या कार्यक्रमांना ते परवडणार नाहीत. तीन-चार निवडायचे तर कुठले?

कानोसा

ते तुम्ही निवडू नका. पूर्ण वेळापत्रक दोन महिने आधी द्या, आम्हीच सांगतो. एवढं आत्ताच सांगून ठेवतो की उद्घाटनाची भाषणं आमच्या यादीत नसतील. नेमके तिथेच सगळे दुभाषी ठेवतात आणि मुलांचं नाटक, कवींशी गप्पा कोरड्या जातात.

मांडवकरी

उद्घाटनाला दुभाषी नसले तर पाहुणे नाराज होतात. फोटोत दिसतात ना ते.

कानोसा

मग भाषणं पंधरा मिनिटांत आटपा. एकाच दुभाषात भागेल.