मदत हवी आहे: पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी) मेल टाकतेय, उत्तरच येत नाही

पेशीमाला: पीएचडी बायोमेडिकलमधली. ढिगाने मेल टाकले, सीव्ही जोडून. एकाचंही उत्तर नाही. कोणती फेलोशिप भरू तेवढं सांगा. मेरी क्युरीची (युरोपीय संघाची फेलोशिप) तारीख तोंडावर आलीय. 'गूगल करा' कृपया नको.

रिकामटेकडा: बायोमेडिकल म्हणजे? उंदीर, पेशी की नुसता डेटा? पीएचडी झालीय की व्हायचीय?

पेशीमाला: कर्करोग, ऑर्गनॉइड्स (प्रयोगशाळेत वाढवलेले अवयवांचे छोटे नमुने). थीसिस दिलाय, व्हायवा (तोंडी परीक्षा) बाकी. त्याचा काय संबंध?

खारूताई: आहे ना! मेरी क्युरीला अंतिम तारखेच्या आत व्हायवा पार पडलेला लागतो. एम्बोला (युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेची फेलोशिप) अर्ज करताना पदवी नसली तरी चालते, रुजू होताना हवी. मात्र प्रथम लेखक म्हणून एक तरी पेपर लागतो. आहे का?

पेशीमाला: आहे एक.

जुना खोडकर: फेलोशिपच्या नादी लागू नका. ज्याच्याकडे ग्रँट (संशोधनाचं अनुदान) आहे असा पीआय (लॅबचा प्रमुख) गाठा. मी तेच केलं.

खारूताई: आणि ग्रँट संपली की? स्वतःचे पैसे असले की विषयही थोडाफार स्वतःचा ठेवता येतो.

जुना खोडकर: अहो, फेलोशिपलाही होस्ट (जागा देणारी लॅब) लागतोच ना? म्हणजे फिरून मेलच.

रिकामटेकडा: तो मेल टाका बघू इथे.

पेशीमाला: "आपल्या लॅबच्या दर्जेदार कामाने मी प्रभावित झाले आहे. मी मेहनती असून..." पुढे तंत्रांची यादी.

रिकामटेकडा: नाव बदललं की हा कुणालाही जाईल, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. त्यांच्या ताज्या पेपरातला एक प्रयोग उचला. तुमच्या ऑर्गनॉइड्सवर तो पुढे कसा नेता येईल, ते तीन ओळींत लिहा. यादी सीव्हीत राहू द्या.

भटक्या: अमेरिकेत एफ३२ (तिथली सरकारी पोस्टडॉक फेलोशिप) भरा की. सोपं!

खारूताई: त्याला नागरिकत्व नाहीतर ग्रीन कार्ड लागतं. के९९ला (तिथलंच दुसरं सरकारी अनुदान) ती अट नाही, पण तो पोस्टडॉक सुरू झाल्यावरचा विषय, साधारण पहिल्या ४ वर्षांतला. आणि जे-१ या देवाणघेवाण व्हिसावर तिकडे जाणार असाल तर नंतर २ वर्षं मायदेशी राहायची अट लागू होतेय का, ते आधी बघा.

भटक्या: बरं बरं. माझ्या मेव्हण्याने हे सगळं सोडून डेटा सायन्स धरलं. मजेत आहे.

पेशीमाला: ते विचारलं नव्हतं. ठीक, मेरी क्युरी पुढच्या वर्षी भरते. पीएचडी केली त्याच देशात राहायचंय.

खारूताई: हे आधी सांगायचं ना! मागच्या ३६ महिन्यांत १२पेक्षा जास्त महिने एखाद्या देशात काढले असतील, तर तिथल्या लॅबसाठी मेरी क्युरीला अर्ज करता येत नाही. एम्बोलाही देश बदलावा लागतो.

जुना खोडकर: म्हणून म्हणत होतो, पीआय गाठा.

खारूताई: यावेळी मान्य. याच देशात राहायचं तर ग्रँटवालाच.

पेशीमाला: नवऱ्याची नोकरी इथे आहे हो! शेजारचा देश चालेल का?

रिकामटेकडा: युरोपातला की बाहेरचा? आणि मेलचा नवा मसुदा कुठाय?