लेकरं घरी, मोठे शाळेत: शाळेसाठी लिलावाची संध्याकाळ केलेल्यांनी अनुभव सांगा

आमची शाळा अंबाजोगाईजवळच्या एका गावात आहे, पाचवी ते दहावी. दोन खोल्यांचे पत्रे गेलेत आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही. दरवर्षी स्नेहसंमेलनात देणगीचा डबा फिरवतो. गाव लोटतं, लेकरं नाचतात, फोटो निघतात आणि डब्यात पन्नास-शंभराच्या नोटा. मागच्या साली मांडववाल्याचं बिल जाऊन नऊ हजार उरले.

म्हणून यंदा वेगळं ठरवायलोत. कोजागिरीच्या आसपास एका शनिवारी संध्याकाळी फक्त पालक आणि माजी विद्यार्थी बोलवायचे, लेकरं घरी, साधं जेवण आणि मग लिलाव. मुख्याध्यापकांना पटेना. "लेकरं नाहीत तर शाळेचा कार्यक्रम कसला?" म्हणतात. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा. फसलेलं आधी सांगा.

*

परभणीहून, पालक-शिक्षक संघातली आई

फसलेलंच सांगते. निमंत्रणावर आमच्या सचिवांनी छापलं, "कार्यक्रम फक्त प्रौढांसाठी". पत्रिका वाटून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. आठवडाभर गावात हसू. एका आजोबांनी तर तोंडावर विचारलं, काय दाखवणारात? पुढच्या वेळी सरळ लिहिलं, "लेकरांना घरी ठेवून यावे".

पण घरी ठेवायचं कुणाजवळ? सासूबाईंनाही यायचं असतं. पहिल्या साली बाया आल्याच नाहीत, नुसते बाप्ये आले आणि लिलाव गणेश मंडळाच्या नारळाच्या लिलावासारखा झाला. नुसता आवाज. दुसऱ्या साली शाळेच्याच मागच्या दोन खोल्यांत सतरंज्या टाकल्या, खिचडी-पापड दिला, दोन मावश्या आणि चित्रकलेचे सर बसवले. तिघांना मानधन दिलं, फुकट राबवलं नाही. मग बाया निवांत बसल्या. आणि सांगते, बोली बायांनीच चढवली. जावाजावा समोरासमोर आल्यावर काय होतं ते सांगायची गरज नाही.

*

लातूरहून, मोंढ्यात (धान्यबाजारात) आडत म्हणजे दलालीचं दुकान आहे, माजी विद्यार्थी

आमच्या शाळेत दोनदा झालं. जरा लांबेल, पण ऐका.

पहिल्यांदा बोली पुकारायला मराठीचे निवृत्त सर उभे केले. सर फार गोड बोलतात. एकेका वस्तूवर पाच-पाच मिनिटं, दोन कविता. लोक टाळ्या वाजवायले, बोली कुणी लावेना. आठ वस्तूंना दोन तास गेले, शेवटच्या तीन तशाच राहिल्या.

दुसऱ्यांदा मी आमच्या मुनीमजींना नेलं. तीस वर्षं मोंढ्यात सौदे पुकारलेला माणूस, शाळेत सातवीपर्यंतच. त्यांनी आधी वस्तूंची यादी मागून घेतली आणि क्रमच बदलला. पहिली वस्तू स्वस्तातली, अशी की कुणीही घेईल. लोकांचा हात वर जायची सवय लागली पाहिजे म्हणाले. भारी वस्तू चौथी-पाचवी, जेवणाच्या आधी. जेवल्यावर माणूस खिशाला हात लावत नाही, ढेकर देतो. सुरुवात निम्म्या किमतीपासून. दोन हजारांपर्यंत शंभराची चढ, पुढं पाचशेची. म्हणजे कुणी दहा-दहा रुपयांनी घोळ घालत बसत नाही. आणि "एक वार, दोन वार" म्हटल्यावर थांबायचं, खोलीभर बघायचं, ज्यानं आधी सोडून दिली त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघायचं. त्या बघण्याचेच पैसे आहेत.

आता वस्तूंचं. पैठणी ठेवली होती, खरी, पैठणहून आणलेली. सगळ्यांना वाटलं हीच रात्र मारणार. दुकानात नऊ हजाराची, लिलावात सहावर अडकली. का, तर प्रत्येक बाईला तिचा भाव माहीत. ज्याचा भाव बाजारात ठरलाय ती वस्तू बाजाराच्या वर जात नाही, हे मला आडतीवर बसून कळायला पाहिजे होतं. वसमतच्या हळदीचं तेच, कुंथलगिरीच्या पेढ्यांचं तेच. चांगला माल, पण भाव ठाऊक.

चढलं काय? एका वर्गमित्रानं त्याच्या बागेतलं केशर आंब्याचं एक झाड लिलावाला लावलं. झाडाचा त्या सालचा सगळा माल बोली जिंकणाऱ्याचा. मोहोर टिकंल का गळंल कुणाला ठाऊक, त्यामुळं प्रत्येकाचा अंदाज वेगळा आणि बोली पळाली. आणि सगळ्यात वर गेली ती शाळेची जुनी घंटा. घंटा म्हणजे काय, रुळाचा तुकडा, तारेनं टांगलेला. अट अशी की घंटा शाळेतच राहणार, खाली जिंकणाऱ्या बॅचच्या नावाची पाटी. दहावी १९८९ विरुद्ध दहावी १९९४. एकोणनव्वदवाल्यांनी सोडायची तयारी केली तेवढ्यात चौऱ्याण्णवचा एकजण म्हणाला, "राहू द्या, ह्यांना तेव्हा बी उठाबशाच." झालं. एक्केचाळीस हजार. पैठणी, हळद, पेढे, हिमरू शाल सगळं मिळून एवढं झालं नव्हतं.

*

नांदेडहून

बोली लावणारे शूर असतात, देणारे शोधावे लागतात. आमच्या अकरा वस्तूंपैकी तिघांचे पैसे अजून यायचेत, दोन वर्षं झाली. त्यातले एक संस्थेचेच संचालक, मागणार कोण? तिथंच दाराजवळ टेबल टाका, पैसे दिल्याशिवाय वस्तू हलू देऊ नका. क्यूआर कोड लावला तर शाळेत रेंज येते का आधी बघा. आमच्याकडं सगळे मोबाइल वर धरून गच्चीवर गेले, त्यातले काही तिकडूनच घरी.

*

छत्रपती संभाजीनगरहून, सी.ए.च्या ऑफिसात आहे

दोन-तीन गोष्टी आधी बघून घ्या. शाळा चालवणाऱ्या संस्थेला ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता) असेल तरी लिलावात घेतलेल्या वस्तूची किंमत म्हणजे देणगी नव्हे, ती खरेदी झाली. सगळ्या रकमेची देणगी पावती फाडली तर पुढं त्रास तुम्हालाच. निव्वळ देणगीचं टेबल वेगळं ठेवा, आणि रोखीनं २००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही हे तोंडी सांगा. तिकीट लावून लकी ड्रॉ काढायचा मोह होतो, नका काढू, ते लॉटरीच्या कायद्यात जातं. पावती पुस्तक संस्थेच्याच नावाचं. "कार्यक्रम समिती" नावाचं वेगळं पुस्तक छापून पैसे गोळा केले की धर्मादाय कार्यालयाचा प्रश्न येतो.

*

धाराशिवहून

आमचे पुण्याचे माजी विद्यार्थी म्हणाले, मोठ्यांचाच कार्यक्रम आहे तर थोडी सोय ठेवू. शाळेत? संस्थेनं नाही म्हटलं. मग ती सोय गाडीच्या डिकीत झाली आणि एकानं साडेनऊला एका भिंतीच्या घड्याळावर अठरा हजार लावले. सकाळी त्याला आठवेना. आम्हीही आठवण दिली नाही, घड्याळ परत भिंतीवर. दहाला भोंगा बंद करावा लागतो, म्हणून सातला सुरू म्हणजे सातलाच सुरू करा.

*

बीड जिल्ह्यातून, शिक्षक

मला मुळात लिलावच टोचतो. आमच्या वर्गातली निम्मी आईबापं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. तुम्ही कोजागिरी म्हणताय, तेव्हा त्यांची बोचकी बांधून झालेली असतात. जे राहतात त्यांनी खुर्चीवर बसून दुसऱ्याचे हजार मोजायचे का? एका बापानं मला सरळ विचारलं, "गुरुजी, आम्ही यायचं का नुसतं बघायचं?"

उत्तर मला सुचलं नाही, त्यालाच सुचलं. गवंडी आहे तो. लिलावाच्या रात्री वस्तू चालू असताना उठून म्हणाला, माझे सहा दिवस. कसले? भिंतीचे. काम मी करतो, सिमेंट कुणी देतंय का? मग सिमेंटवर बोली लागली, गोण्यांत. दोन खोल्या त्यात झाल्या. हे आधी ठरवलं असतं तर झालं नसतं असं मला वाटतं, पण तुम्ही निदान पैशाशिवायच्या बोलीला जागा ठेवा.

*

हिंगोलीहून, शिक्षिका

आम्ही जुन्या गणवेशांच्या तुकड्यांची वाकळ शिवली, वीस आयांनी मिळून. छान गेली, पण घेणारा ती पुण्याला घेऊन गेला आणि आया रुसल्या. "आधी सांगितलं असतं तर उरलेल्या कापडाची दुसरी शिवली असती की." खरंय, शिवणाऱ्यांना विचारायचं राहूनच गेलं.

*

अंबाजोगाईजवळून, धागा काढणारा

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली. कोजागिरी रद्द. गुढीपाडव्यानंतर घ्यायचं ठरायलंय, तोवर ऊसतोडीची माणसं परत येतात आणि पेरणीच्या बी-बियाण्यात पैसा अडकलेला नसतो. आंब्याच्या झाडालाही तोच काळ बरा. मुख्याध्यापक म्हणाले परीक्षा आहेत. म्हटलं लेकरांच्या आहेत, आपल्या नाहीत. पहिल्यांदाच हसले.

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या नळाचं काम एका पालकानं बैठकीतच अंगावर घेतलं, लिलावाआधीच. मोंढ्यातले एक मुनीमही मिळालेत. फक्त ते म्हणतात, बोलीवर दोन टक्के आडत घेईन. हसत म्हणाले, पण नाही म्हटल्यावर हसायचे थांबले. लातूरकर, तुमच्या मुनीमजींनी काय घेतलं होतं?