कॉन्स्टंटाईनचे धर्मांतर : श्रद्धा की राजकारण?

धागालेखक : इ.स. 312 मध्ये रोमजवळच्या मिल्वियन पुलाच्या लढाईत प्रतिस्पर्धी मॅक्सेंटियस टायबर नदीत बुडून मेला आणि हा विजय आपल्याला ख्रिस्ताच्या देवाने दिला, असे रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने मानले. माझ्या मते ही श्रद्धा नव्हती, हिशेब होता. त्यानंतर कित्येक वर्षे त्याच्या नाण्यांवर अजिंक्य सूर्यदेव झळकत राहिला. 321 मध्ये त्याने रविवारच्या सुट्टीचा कायदा केला, त्यातही ‘सूर्याचा पूज्य दिवस’ असेच शब्द आहेत, ख्रिस्ताचे नाव नाही. (शेतकऱ्यांना मात्र त्या दिवशी पेरणीची मुभा होती, कारण वाफसा सुट्टीसाठी थांबत नाही.) 326 मध्ये त्याने स्वतःच्या मुलाला, क्रिस्पसला, मारवले आणि बाप्तिस्मा घेतला तो थेट 337 मध्ये, मरणाच्या दारात.

प्रतिसाद १ : पूर्णपणे असहमत. हिशेबच करायचा होता तर तो फारच वाईट जमला, असे म्हणावे लागेल. 312 मध्ये ख्रिस्ती लोक अल्पसंख्य होते, त्यांची मोठी वस्ती पूर्वेकडे होती आणि ती पूर्व त्याच्या ताब्यात नव्हती. सैन्य आणि रोमचे सिनेट तर जुन्याच देवांना मानणारे होते. बाप्तिस्म्याने आधीची सारी पापे धुतली जातात अशी समजूत असल्यामुळे, ज्यांना देहदंडाच्या आज्ञा द्याव्या लागत असे अनेक जण तो लांबणीवर टाकत. खाणीत पाठवायच्या कैद्यांच्या चेहऱ्यावर डाग देऊ नये, कारण चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिमेनुसार घडला आहे, असा त्याचा एक कायदा आहे. मते मिळवण्यासाठी कोणी अशी वाक्ये लिहीत नाही.

धागालेखक : तो कायदा मलाही हलवून जातो. पण त्याच कायद्याने हातांवर आणि पोटऱ्यांवर डाग द्यायला परवानगी दिली होती, हेही सांगायला हवे. अल्पसंख्याकांबद्दलचा आपला मुद्दा मात्र मी मान्य करतो. ‘श्रद्धा नव्हती, हिशेब होता’ हे माझे शब्द मी मागे घेतो.

प्रतिसाद २ : मला वाटते, त्याच्या मनात काय होते यापेक्षा त्याने मागे काय ठेवले, याची चर्चा अधिक गरजेची आहे. 313 मध्ये त्याने आणि त्याचा सहसम्राट लिसिनियसने सर्वांनाच आपापल्या उपासनेची मोकळीक दिली, हे त्याचे सर्वांत मोठे काम मी मानतो. परंतु 325 मध्ये त्याने निकाया येथे बिशपांची सभा बोलावली, पुत्र (ख्रिस्त) हा पित्याशी (देवाशी) एकतत्त्व आहे असे तिथे ठरले आणि ते न मानणाऱ्या एरियस या धर्मगुरूला हद्दपार केले गेले. पुढे त्याच सम्राटाने एरियसला परत बोलावले आणि 335 मध्ये एरियसचा कट्टर विरोधक बिशप अथनेशियस याला दूर ट्रियरला धाडले. कोणते मत खरे, हे ज्याच्या हाती सैन्य आहे त्याच्या मर्जीवर जाऊ लागले, ते इथून.

प्रतिसाद १ : आधीच्या सम्राटांनी केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात ज्यांचे सहकारी मारले गेले होते, त्या बिशपांच्या जागी उभे राहून पाहा. निकायानंतर सम्राटाने त्यांना मेजवानी दिली. त्याचा चरित्रकार बिशप युसेबियस लिहितो की राजवाड्याच्या दारात नंग्या तलवारी घेतलेले सैनिक वेढा देऊन उभे होते आणि बिशप त्यांच्यामधून निर्भयपणे आत गेले.

प्रतिसाद २ : ते दृश्य मीही विसरू शकत नाही. माझे लक्ष मात्र त्या तलवारींवरच खिळते, कारण त्या दारातून एरियसला आत जाता आले नाही.