मदत हवी: कबड्डी कॉमेडीच्या शेवटच्या चढाईत गॅग कुठे बसवू?

सोलापुरात शूट केलेला लघुपट एडिट करतोय. कॉमेडी थिल्लरच आहे आणि तशीच हवी. असल्या सिनेमात चड्डी फाटली तरी गुणफलक खरा वाटावा लागतो, नाहीतर जीव टांगणीला लागत नाही.

शेवटची चढाई, 30 सेकंद, संघ एका गुणाने मागे. घोटा बचावपटूच्या हातात, चढाईपटूची बोटं मध्यरेषेकडे सरकतायत. इथेच पंचाच्या तोंडात शिट्टी अडकते. हशा पिकतो, पण ताण तुटतो. गॅग चढाईआधी नेला तर ताण टिकतो, हशा जातो. स्लो मोशनने दोन्ही मेले.

रिशूट शक्य नाही. पंचाचा क्लोजअप, प्रेक्षकांचे शॉट आणि ‘कबड्डी कबड्डी’चा वेगळा ऑडिओ आहे. दम अखंड ठेवून पंचावर कट कधी मारू, बोटं रेषेला टेकण्याआधी की टेकल्यावर?