मदत हवी आहे: लाइंग खाल्ल्यावर घसा खवखवतो, दूधही फुटतं

पानवेल:
फिलिपिन्सच्या बिकोल भागातलं लाइंग, म्हणजे अळूची वाळवलेली पानं मिरच्या घालून नारळाच्या दुधात आटवतात, ते दोनदा बिघडलं. प्रमाण असं: अळूची 20 पानं एक दिवस सावलीत सुकवलेली, दोन नारळांचं सगळं दूध एकत्र, 8 लाल मिरच्या, आलं, लसूण, कांदा, 2 मोठे चमचे बागोओंग (जवळ्याचं खारवून आंबवलेलं वाटण). अधूनमधून ढवळत 25 मिनिटं उकळलं. घसा खवखवतो आणि वर तेल तरंगतं. चुकतंय कुठे? पातेल्यात आहे ते वाचेल का? बागोओंगही संपलंय, त्याला पर्याय?

करवंटी:
एका दिवसात अळू कोमेजतं, वाळत नाही. पान मुठीत चुरलं की कुरकुरून तुटलं पाहिजे, मधली शीरसुद्धा. त्याला चांगल्या उन्हात 2-3 दिवस लागतात. धुवायचं ते वाळवण्याआधी. देठ सोलून, बोटभर तुकडे करून तेही वाळवा, बिकोलमध्ये देठ टाकत नाहीत.

खाज येते ती पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. आपण फतफत्यात चिंच घालतो, अळुवडीला चिंचगुळाचं पीठ लावतो. नेहमीच्या लाइंगमध्ये आंबट काहीच नसतं, त्यामुळे सगळा भार वाळवण्यावर आणि शिजवण्यावर. 25 मिनिटं फारच कमी झाली.

मंदआच:
दूध एकत्र केलंत तिथेच घोळ झाला. पहिलं घट्ट दूध (तिकडे काकांग गाता) वेगळं ठेवायचं. 50 ग्रॅम वाळलेल्या पानांना 3 कप पातळ दूध आणि 1 कप घट्ट.

पातळ दुधात आलं (दोन इंच, बारीक चिरून), 5 लसूण पाकळ्या, कांदा आणि बागोओंग घालून मंद उकळी आणा. पानं चुरून वर पसरा, उलथन्याने हलकेच दाबून दुधात बुडवा आणि झाकण ठेवा. ढवळू नका. ढवळलं की खाज येते, असं बिकोलमध्ये सांगतात. खरं कारण मला कच्चेपणाचंच वाटतं, पण नियम पाळण्यासारखा आहे: दाबलेली पानं दूध शोषत बुडून राहतात, ढवळली की काही वर येऊन अर्धकच्ची राहतात. 30-40 मिनिटांनी पानं काळपट हिरवी, मऊ झाली की घट्ट दूध आणि मिरच्या घाला. झाकण काढून आणखी 20 मिनिटं. आता ढवळलं तरी चालतं.

मिठाला हात लावू नका. बागोओंगचा खारटपणा बरणीगणिक बदलतो. आधी 2 चमचे, बाकी शेवटी चाखून.

पानवेल:
मग तेल सुटतं ते कशाने?

मंदआच:
तेल सुटायलाच हवं! शेवटी पानांच्या कडेने स्वच्छ तेल दिसलं की लाइंग झालं. सुरुवातीलाच पांढरे दाणे आणि खाली पाणी दिसलं तर मात्र दूध फुटलंय, म्हणजे आच मोठी होती. डब्यातलं दूध वापरत असाल तर घटकांत गवार गम आहे का बघा. ते असलं की तेल सहज सुटत नाही, रस्सा नुसता दाट होतो.

करवंटी:
पातेल्यात आहे त्यात एक कप पातळ दूध किंवा गरम पाणी घालून झाकून अर्धा तास मंद आचेवर ठेवा. मग घासभरच चाखा. तरीही खवखवलं तर चमचाभर चिंचेचा कोळ. चव फतफत्याकडे झुकेल, पण जेवता येईल. जीभ किंवा ओठ सुजत असतील तर मात्र सरळ टाकून द्या.

खारवण:
बागोओंग आलामांग ज्या बारीक कोळंबीचं करतात ती आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली. म्हणून सुका जवळा निवडून, वाळू झटकून, कोरडा भाजा आणि मिठासकट वाटा. 50 ग्रॅम पानांना 3 मोठे चमचे पूड, 1 लहान चमचा मीठ. आंबलेला वास येणार नाही, पण खारट गोडी येते. सिलिंग लाबुयो ही तिकडची बारीक, जहाल मिरची. तिच्याऐवजी लवंगी मिरची चालेल. 6 पुरतात, दोन चिरून, बाकी अख्ख्या. अख्ख्या मिरच्यांनी वास येतो, तिखटपणा आवाक्यात राहतो.

एक राहिलं: दुसऱ्या दिवशी गरम करताना पाणी घालू नका. मंद आचेवर त्याच्याच तेलात परता. शिळं लाइंग गरम भाताबरोबर जास्त चांगलं लागतं.