डीएनएफची कॉन्फिग फाइल: दहा ओळी नकोत, एकदोन पुरे

तुम्ही वर लिहिलंय की फेडोरा लिनक्सवर अपडेटला तास जातो आणि कुठूनतरी दहा ओळी उचलून डीएनएफ डॉट कॉन्फमध्ये (डीएनएफ म्हणजे फेडोरावर सॉफ्टवेअर उतरवणारं, अपडेट करणारं टूल, ही त्याची सेटिंग्जची फाइल) टाकल्या तरी फरक नाही. आधी त्या सगळ्या काढा. फाइल ईटीसीच्या आत डीएनएफ फोल्डरमध्ये (/etc/dnf/dnf.conf) असते, सुडोने (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने) उघडा, आणि जे काय लिहाल ते [मेन] च्या खालीच लिहा.

मॅक्स पॅरलल डाउनलोड्स (max_parallel_downloads, एका वेळी किती पॅकेजेस उतरवायची ते) डिफॉल्टला ३ असतं, जास्तीत जास्त २० चालतं, मी १० ठेवलंय आणि इकडे कर्वेनगरला रात्री नऊ वाजता अख्खी सोसायटी नेटवर असते तेव्हापण छोटी पॅकेजेस पटापट उतरतात, एकेकाची वाट बघत बसावं लागत नाही.

फास्टेस्टमिरर (मिरर म्हणजे तीच पॅकेजेस ठेवणारे वेगवेगळे सर्व्हर, त्यातला एक निवडायची ही सेटिंग) मात्र काढाच!! नावावरून वाटतं तसं ते स्पीड मोजत नाही हो, मिररकडून उत्तर यायला किती वेळ लागला तेवढंच बघतं, म्हणजे जवळचा पण लोडखाली दबलेला सर्व्हर पहिला येऊ शकतो. माझं महिनाभर हेच चाललं होतं, ट्रूचं फॉल्स केलं आणि सुटलं.

आणि इन्स्टॉलओन्ली लिमिट (installonly_limit, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, किती आवृत्त्या ठेवायच्या ते) ३ च राहू द्या प्लीज, जागा वाचवायला कमी करू नका. त्याने मागचे कर्नल शिल्लक राहतात. गेल्या पावसाळ्यात नव्या कर्नलवर माझं वायफायच गायब झालं, ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना येणाऱ्या मेनूत) जुना कर्नल निवडला आणि दोन मिनिटांत काम परत सुरू.