खाल्लेलं अंगी का लागत नाही? काटक शरीर आणि वजन वाढवण्याचे अनुभव

भरपूर खाऊनही वजनकाटा हलत नाही, अशांसाठी हा अनुभव धागा. 'नशीबवान आहेस, काहीही खाऊ शकतोस' हे ऐकून ज्यांचे कान किटले आहेत, त्यांच्या हाताला काही ठोस लागावं एवढाच हेतू. स्वतःची कहाणी नको. हा विषय ज्यांनी जवळून हाताळला आहे त्यांनी मापासकट लिहावं: किती ग्रॅम, किती वेळ, कुठे बिघडतं आणि का.

व्यायामशास्त्राचे शिक्षक

'माझं मेटाबॉलिझम फास्ट आहे' याची आधी फोड करू. दिवसाची ऊर्जा चार वाटांनी खर्च होते: श्वास, हृदय, मेंदू चालू ठेवायला, अन्न पचवायला, ठरवून केलेल्या व्यायामात, आणि न ठरवता होणाऱ्या हालचालींत, म्हणजे पाय हलवणं, येरझाऱ्या घालणं, फोनवर बोलताना उभं राहणं. सारख्या वयाच्या आणि सारख्या बांध्याच्या माणसांमध्ये पहिल्या वाटेत फार मोठा फरक सहसा नसतो. मोठी तफावत चौथ्या वाटेत सापडते.

1999 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी 16 जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा 1000 कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कोणाच्या अंगावर 0.36 किलो चरबी चढली, कोणाच्या 4.23 किलो. ज्यांच्या अंगावर कमी चढली त्यांच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाढल्या होत्या. सर्वांत जास्त वाढ दिवसाला 692 कॅलरींची होती. त्याआधी 1990 मध्ये संशोधक क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्यांच्या 12 जोड्यांवर असाच प्रयोग केला. शंभर दिवसांत वजन 4.3 पासून 13.3 किलोपर्यंत वाढलं, पण एकाच जोडीतल्या दोघांची वाढ बरीच मिळतीजुळती होती. तेव्हा प्रकृतीचा भाग खरा आहे, आणि 'तू नीट जेवतच नसशील' असं कोणालाही सरसकट सुनावणं अन्यायाचं आहे. मात्र त्या दुसऱ्या प्रयोगात वजन सगळ्यांचंच वाढलं, हेही विसरू नका.

आहारतज्ज्ञ

वरच्या माहितीचा व्यवहारात अर्थ असा की अंदाजाने खाणं इथे चालत नाही. गरज काढायचं एक सोपं सूत्र आहे. वजन (किलो) गुणिले 10, त्यात उंची (सेंमी) गुणिले 6.25 मिळवा, वय गुणिले 5 वजा करा. पुरुषांनी शेवटी 5 मिळवायचे, स्त्रियांनी 161 वजा करायचे. उदाहरणार्थ 55 किलो, 172 सेंमी, 25 वर्षांचा पुरुष: 550 + 1075 − 125 + 5 = 1505. बैठं काम असेल तर याला 1.4 ने गुणा, आठवड्यात तीन-चार दिवस व्यायाम असेल तर 1.55 ने. दुसऱ्या हिशेबाने साधारण 2330 कॅलरी येतात. त्यावर 300 ते 500 ची भर. हा आकडा सुरुवातीपुरताच धरा, खरं उत्तर वजनकाटा देतो.

काटा वापरायची रीत: रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, सारख्याच कपड्यांत. एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि तिची तुलना पुढच्या सात दिवसांच्या सरासरीशी करा. सुरुवातीला एकदम किलोभर वाढ दिसली तर ती बहुतांश पाण्याची आणि पोटातल्या अन्नाची असते. शरीर पिष्टमय पदार्थ ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. हुरळून जाऊन खाणं कमी करणारे इथेच फसतात. पुढे आठवड्याला 200 ते 400 ग्रॅम ही चाल उत्तम. दोन आठवडे सरासरी जागची हलली नाही, तर रोज आणखी 200 कॅलरी घाला.

आणखी एक नेहमीची गफलत म्हणजे कच्चं आणि शिजलेलं एकच धरणं. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 355 कॅलरी असतात, 100 ग्रॅम शिजलेल्या भातात 130. नोंद करताना हे उलटंपालटं झालं की कागदावर 3000 आणि पोटात 2000, आणि मग दोष मेटाबॉलिझमला. किमान एक आठवडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून लिहून काढा. सुट्टीचे दोन दिवस त्यात हवेतच, कारण काटक माणसं एखाद्या दिवशी पोट फुटेस्तोवर जेवतात, दुसऱ्या दिवशी भूकच लागत नाही म्हणून दोन जेवणं टाळतात, आणि लक्षात मात्र तो पहिला दिवस राहतो.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून

कमी भुकेच्या माणसाला ताट भरून देऊन उपयोग नसतो. त्याच ताटात जास्त ऊर्जा बसवावी लागते. स्निग्धात ग्रॅमला 9 कॅलरी, प्रथिनं आणि पिष्टात 4. शिजलेल्या अन्नावर एक मोठा चमचा तेल किंवा लोणी वरून घातलं की 100 ते 120 कॅलरी वाढतात आणि ताटाचा आकार तसाच राहतो. 200 मिली दुधात 25 ग्रॅम सायीच्या दुधाची पावडर ढवळली तर साधारण 125 कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम प्रथिनं जादा मिळतात.

पेय हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, कारण पातळ पदार्थाने पोट लवकर रिकामं होतं. एक नमुना: 40 ग्रॅम ओट्स आधी कोरडेच मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत फिरवा. मग 300 मिली सायीचं दूध, एक मध्यम केळं, दोन मोठे चमचे (32 ग्रॅम) शेंगदाण्याचं बटर घालून पुन्हा फिरवा. सुमारे 650 कॅलरी, 24 ग्रॅम प्रथिनं. ओट्स आधी दळले नाहीत तर कण घशाला लागतात आणि अर्धा पेला टाकून दिला जातो. करून ठेवू नका. ओट्स दूध शोषतात, अर्ध्या तासात पेय लापशीसारखं घट्ट होतं. झालंच तर आणखी 100 मिली दूध घालून सैल करा. पहिले तीन-चार दिवस अर्धाच पेला घ्या, एकदम पूर्ण घेतल्यास पोट फुगतं. दुधाने गुडगुड किंवा जुलाब होत असतील तर दही, लॅक्टोजमुक्त दूध किंवा सोयादूध वापरा.

वेळही महत्त्वाची आहे. हे पेय जेवणाआधी घेतलं तर जेवण मारलं जातं. ते जेवणानंतर दोन तासांनी किंवा झोपण्याआधी घ्यावं. जेवणाच्या तोंडावर पाणी, सूप, काकडी-कोबीचा ढीग नको; भाज्या हव्यातच, पण ताटातलं बाकीचं आधी संपवून.

जिममधले प्रशिक्षक

खाण्यात भर घातली आणि स्नायूंना काम दिलं नाही, तर पोट सुटतं आणि हात-पाय काडीच राहतात. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, पूर्ण शरीराचा व्यायाम पुरतो: स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं), छातीसाठी बेंच प्रेस (बाकावर पाठीवर झोपून वजन वर ढकलणं) किंवा जोर, पाठीसाठी रोइंग (वजन अंगाकडे ओढणं), खांद्यासाठी डोक्यावर वजन उचलणं. प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये 6 ते 12 आवर्तनं. सेट थांबवताना अजून दोन आवर्तनं निघाली असती असं वाटलं पाहिजे. पाच निघाली असती तर वजन हलकं आहे. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं बसा. तिन्ही सेटमध्ये 12 गाठले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा आणि पुन्हा 6-8 पासून चढा. वही ठेवा. वहीतले आकडे महिनाभर तेच असतील तर स्नायूंना वाढायचं कारणच मिळालेलं नाही.

हडकुळी मुलं हमखास एक करतात: उत्साहाच्या भरात सहा दिवस, दोन-दोन तास, वर धावणं. जेवढं जादा खाल्लं तेवढं तिथेच खर्च. धावणं पूर्ण सोडू नका, हृदयासाठी ते हवं; आठवड्यात दोनदा वीस-तीस मिनिटं ठेवा.

प्रथिनं शरीराच्या दर किलोला 1.6 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 55 किलोला 88 ग्रॅम, चार वेळांत वाटून. यापेक्षा फार वर जाण्यात फायदा नाही, उलट प्रथिनांनी पोट सर्वांत जास्त वेळ भरलेलं राहतं आणि त्यांच्यातली 20 ते 30 टक्के ऊर्जा पचनातच जाते. क्रिएटिन मोनोहायड्रेट (व्यायाम करणारे घेतात ती पूरक पावडर) रोज 3 ते 5 ग्रॅम निरोगी प्रौढाला चालतं. त्याने सुरुवातीला वाढणारा किलोभर स्नायूंतल्या पाण्याचा असतो हे धरून चला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दर दोन आठवड्यांनी टेपने दंड, मांडी आणि बेंबीपाशी कंबर मोजा. फक्त कंबर वाढत असेल तर खाण्यातली भर 200 कॅलरींनी कमी करा आणि वही तपासा.

फॅमिली डॉक्टर

हे सगळं करण्याआधी एक प्रश्न विचारा: वजन लहानपणापासून कमी आहे, की आधी होतं आणि आता उतरलं? कायम सडपातळ, पाळी नियमित, दमछाक नाही, आई-वडीलही तसेच, तर बहुधा ती प्रकृती. पण काही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटलं असेल, तर आधी तपासणी. छातीत धडधड, हात थरथरणं, उकाडा सहन न होणं असेल तर थायरॉइड. सतत तहान आणि वारंवार लघवी असेल तर रक्तातली साखर, तीही त्याच दिवशी. चिकट, दुर्गंधीयुक्त शौच किंवा जुनाट जुलाब असतील तर अन्न नीट न शोषलं जाण्याचे विकार. संध्याकाळचा ताप आणि महिनाभराचा खोकला असेल तर क्षयरोग.

दोन बारकावे. सीलिअॅक (गहू खाल्ल्याने आतड्याला इजा होणाऱ्या) आजाराची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची; आधीच गहू सोडला तर आजार असूनही ती नॉर्मल येऊ शकते. आणि केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक) खोटाच कमी आणि टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटाच जास्त दिसतो. थायरॉइड वाढल्याचं चित्र, प्रत्यक्षात काहीच नाही. किमान दोन दिवस आधी गोळी थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 16 च्या खाली असेल किंवा बरेच दिवस जवळपास काहीच खाल्लेलं नसेल, तर वरची पेयं स्वतःहून सुरू करू नका. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. हे काम रक्ततपासण्या करत, देखरेखीखालीच करायचं. खाण्याचीच भीती वाटत असेल, आरशात आपण जाड दिसत असू, तर तेही मोकळेपणाने बोला. तो वेगळा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

बालरोगतज्ज्ञ

थोडक्यात: ज्याखाली वजन कमी मानतात ती 18.5 ची बीएमआय रेषा प्रौढांची आहे, वाढत्या मुलांना ती लावू नये. त्यांची उंची आणि वजन वाढीच्या तक्त्यावर मांडून पाहतात. आपल्या रेषेला धरून वाढणारं बारीक मूल निरोगी असू शकतं. रेषा ओलांडून खाली घसरणारं मूल दाखवायला आणा.

औषधविक्रेते

'महिन्यात वजन वाढवा' अशा बिनलेबलच्या गोळ्या आणि पावडरींत सायप्रोहेप्टाडीन आणि डेक्सामेथासोन सापडलेलं आहे. पहिलं अ‍ॅलर्जीचं औषध, त्याने भूक लागते आणि गुंगी येते. दुसरं स्टेरॉइड, त्याने चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतलेली अशी गोळी घाबरून एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं. ती घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा.

लेबल असलेल्या गेनर (वजन वाढवायच्या) पावडरीचा डबा उलटा करून पहिले दोन घटक वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली भुकटी) किंवा साखर असेल तर तीच ऊर्जा ओट्स-दुधातून मिळते. शिवाय तंबाखू-सिगारेट भूक मारते, लक्ष एकाग्र करण्यासाठी दिली जाणारी मिथाइलफेनिडेटसारखी औषधंही मारतात. अशा औषधावर असाल तर सकाळची गोळी घेण्याआधी आणि रात्री तिचा असर उतरल्यावर मोठी जेवणं ठेवा.

पुन्हा आहारतज्ज्ञ

ठरवलेलं वजन गाठल्यावर काय, हे राहिलं. जादा खाणं एका दिवसात बंद केलं आणि जुनी एक-दोन जेवणांची सवय परत आली, की वजन त्याच वाटेने उतरतं. वाढलेलं शरीर आधीपेक्षा जास्त ऊर्जा मागतं. 55 चे 62 किलो झाले तर वरच्या सूत्राने आणि 1.55 च्या गुणकाने गरज शंभराहून थोडी जास्त कॅलरींनी वाढलेली असते. म्हणून दर आठवड्याला 100 कॅलरी कमी करत या, सरासरी जिथे स्थिर राहील तिथे थांबा. जेवणाच्या वेळा मात्र बदलू नका, आणि आजारपण किंवा परीक्षेच्या काळात घन अन्न नकोसं झालं की पेय दिवसातून दोनदा करा.